वाचकांचे प्रश्न : नव्वद दिवसांचा दाखला, बाळंतपणाचा लाभ आणि खात्यात न आलेले पैसे

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं रोजंदारीवर किंवा बारा-पंधरा हजारांच्या पगारावर चालणाऱ्या घरांतली आहेत. ही घरं योजनेत बसतात, तरी पैसे हातात पडत नाहीत. पत्रं वाचताना पुन्हा पुन्हा एकच दिसलं: जो कागद वेळेवर करून ठेवायचा असतो, तो गरज पडल्यावर शोधला जातो. म्हणून उत्तरांत रकमांइतकाच भर कागद कधी करायचा यावर दिला आहे.

प्रश्न : माझे मिस्टर फरशी बसवण्याचं काम करतात. ठेकेदार सारखे बदलतात, त्यामुळे बांधकाम कामगार मंडळासाठी ९० दिवसांचा दाखला द्यायला कोणी तयार होत नाही. एक एजंट तीन हजारांत कार्ड आणि भांड्यांचा संच मिळवून देतो म्हणतो. मुलगा नववीत, मुलगी सहावीत आहे. मी तीन घरी स्वयंपाकाला जाते. पैसे द्यावेत का? (चाकण)

देऊ नका. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणी फी १ रुपया आहे आणि वार्षिक वर्गणी १ रुपया. एजंटच्या तीन हजारांपेक्षा मोठा धोका पुढे असतो. ज्या ठेकेदाराकडे मिस्टरांनी एक दिवसही काम केलेलं नाही, त्याच्या शिक्क्याचा दाखला तो जोडतो. पडताळणीत तो खोटा निघाला की नोंदणी रद्द होते, आणि पुढे मुलांच्या शिष्यवृत्तीचा खरा अर्जसुद्धा अडकतो.

अट अशी आहे: वय १८ ते ६० आणि मागच्या बारा महिन्यांत बांधकामावर किमान ९० दिवस काम. हे दिवस सलग हवेत किंवा एकाच ठेकेदाराकडचे हवेत, असं नाही. गवंडी, सेंट्रिंगवाले, रंगारी, प्लंबर, सुतार, वेल्डर, वायरमन आणि हाताखाली काम करणारे बिगारीही यात येतात. फरशीकाम तर नक्कीच येतं.

ठेकेदार सही का टाळतात, तेही समजून घ्या. दाखला दिला की आपल्यामागे उपकराचा किंवा पीएफचा ससेमिरा लागेल, अशी त्यांना धास्ती असते. पण १९९६ च्या कायद्याने आलेला १ टक्का उपकर बांधकामाच्या खर्चावर लागतो. तुमच्या दाखल्यावर सही केली म्हणून तो वाढत नाही आणि नाकारली म्हणून टळत नाही. मंडळाच्या योजना याच उपकरातून चालतात. म्हणजे ज्या इमारतींत मिस्टरांनी फरशी बसवली, त्यांच्या खर्चातूनच हा पैसा जमा झालेला आहे. ठेकेदाराशी हे शांतपणे बोला. त्यातून बरेच जण सही करतात.

तरीही कोणी तयार झालं नाही, तर स्थानिक संस्थेचा मार्ग आहे. नाक्यावर उभं राहून रोज वेगळ्या ठिकाणी काम करणाऱ्यांना गावात ग्रामसेवक (आताचे ग्रामपंचायत अधिकारी) आणि शहरात नगरपरिषद किंवा महापालिकेचा अधिकृत अधिकारी हा दाखला देऊ शकतो. तिथे नुसत्या तोंडी सांगण्यावर कोणी सही करत नाही. एक साधी वही ठेवा: तारीख, साइटचा पत्ता, ठेकेदाराचं नाव आणि मोबाइल, मिळालेली मजुरी. मजुरी फोनवर आली असेल तर त्या नोंदींचे स्क्रीनशॉट, शिवाय साइटवर काम करतानाचे दोन-चार फोटो जवळ असू द्या. अशी वही समोर ठेवली की अधिकाऱ्याला सही करायला आधार मिळतो. दाखला हातात पडल्यावर तिथेच तपासा: जावक क्रमांक, तारीख, शिक्का, देणाऱ्याचं पूर्ण नाव आणि पद. जावक क्रमांक नसलेले दाखले फार परत येतात.

बाकी लागतं ते आधार कार्ड, वयाचा आणि राहण्याचा पुरावा, बँक पासबुक आणि फोटो. अर्ज मंडळाच्या संकेतस्थळावर भरायचा आणि मूळ कागद दाखवायला मिळालेल्या तारखेला केंद्रावर जायचं. आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू हवा, कारण ओटीपी त्यावरच येतो.

आता मिळणार काय. सहावीतल्या मुलीला वर्षाला २,५०० रुपये (पहिली ते सातवी), नववीतल्या मुलाला ५,००० (आठवी ते दहावी). अट ७५ टक्के हजेरीची, आणि लाभ पहिल्या दोन मुलांना. दहावी किंवा बारावीत ५० टक्के किंवा जास्त गुण पडले तर १०,०००, अकरावी-बारावीला दरवर्षी १०,०००, पदवीला दरवर्षी २०,०००, इंजिनिअरिंगला ६०,००० आणि वैद्यकीय शिक्षणाला १ लाख. गावोगाव रांगा लागतात त्या भांड्यांच्या संचासाठी. तो संच एकदाच मिळतो. मुलगा नववीत असताना झालेली नोंदणी तो पदवीधर होईपर्यंत चालू ठेवली, तर तिची किंमत संचाच्या कितीतरी पट होते.

तुमची स्वतःची नोंदणी वेगळी होईल, महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळाकडे, कामगार आयुक्तांच्या जिल्हा कार्यालयात. तिथेही वय १८ ते ६०, आणि ज्या घरी काम करता तिथला दाखला लागतो. लाभ बांधकाम मंडळापेक्षा लहान आहेत, पण नोंदणी करून ठेवा.

प्रश्न : माझं बांधकाम कामगार मंडळाचं कार्ड तीन वर्षांपूर्वीचं आहे. मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज "नोंदणी सक्रिय नाही" म्हणून नामंजूर झाला. कार्ड असताना असं कसं? (सांगली जिल्हा)

कार्ड हातात असणं आणि नोंदणी चालू असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं, आणि प्रत्येक वेळी ९० दिवसांचा ताजा दाखला लागतो. जुन्या दाखल्याची झेरॉक्स चालत नाही. मुदत संपायच्या महिनाभर आधी दाखल्याच्या मागे लागा, कारण दिवस जातात ते सहीतच. रुपया भरायला वेळ लागत नाही. आधी नूतनीकरण करून घ्या, मग चालू वर्षाचा शिष्यवृत्ती अर्ज नव्याने भरा.

त्या अर्जात नेहमी होणाऱ्या चुका: बोनाफाइड मागच्या वर्षाचं असणं, त्यावर हजेरीची टक्केवारी नसणं, मुलीचं नाव रेशन कार्डावर चढवलेलं नसणं आणि मोबाइलवर काढलेला फोटो इतका धूसर की नाव वाचता येत नाही. शाळेत बोनाफाइड मागतानाच सांगा की हजेरीची टक्केवारी आणि शैक्षणिक वर्ष दोन्ही लिहून द्या. पडताळणीची तारीख चुकली तर गप्प बसू नका, पुन्हा तारीख घ्या.

प्रश्न : लाडकी बहीणचे पैसे "जमा" असं दाखवतात, पण माझ्या पासबुकात काहीच नाही. बँकेत विचारलं तर म्हणतात आधार लिंक आहे. मग पैसे गेले कुठे? (परभणी)

बहुतेक वेळा ते तुमच्याच नावाच्या दुसऱ्या खात्यात गेलेले असतात.

बँक म्हणते "आधार लिंक आहे", तेव्हा तिचा अर्थ एवढाच की खात्याच्या नोंदीत तुमचा आधार क्रमांक आहे. असा क्रमांक चार बँकांतल्या चार खात्यांना असू शकतो. सरकारी पैसे मात्र खाते क्रमांक पाहून येत नाहीत, आधार क्रमांकावर येतात. कोणत्या आधारचे पैसे कोणत्या बँकेत पाठवायचे, याची एक यादी नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनकडे असते. त्या यादीत एका आधारसमोर एकच बँक असते, आणि शेवटी जिथे संमती दिली ती. सिम कार्ड घेताना दुकानदाराने मोबाइलवर खातं उघडून दिलं, पोस्टात शिबिरात खातं काढलं, बचत गटासाठी नवी बँक घेतली, की अंगठा किंवा ओटीपी देताना नकळत ही संमती जाते आणि यादीतली बँक बदलते. लाडकी बहीण आणि मातृवंदना (बाळंतपणासाठी पैसे देणारी योजना) या दोन्ही योजनांचे पैसे याच वाटेने येतात.

तपासायला पाच मिनिटं लागतात. माय आधार संकेतस्थळावर किंवा ॲपवर आधार क्रमांक आणि ओटीपी टाकून लॉगिन करा आणि बँक सीडिंगची, म्हणजे वरच्या यादीतल्या बँकेच्या जोडणीची, स्थिती बघा. तिथे बँकेचं नाव आणि स्थिती चालू आहे की बंद, हे दिसतं. खाते क्रमांक दिसत नाही. त्या बँकेत जाऊन आधार दाखवला की खातं सापडतं, आणि आधी आलेले हप्तेही बहुधा तिथेच पडलेले असतात.

पुढचे पैसे नेहमीच्या खात्यात हवे असतील तर त्या बँकेत आधार सीडिंगचा संमती अर्ज भरा. या अर्जात दोन पर्याय असतात: पहिल्यांदाच जोडणी, किंवा दुसऱ्या बँकेतून इकडे बदल. तुमच्या बाबतीत दुसरा पर्याय, आणि आधीच्या बँकेचं नाव लिहायचं. घाईत पहिल्या चौकटीवर खूण झाली की अर्ज फेटाळला जातो. अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्या. आठवड्याने माय आधारवर पुन्हा बघा. तिथे नव्या बँकेचं नाव आल्याशिवाय काम झालं असं धरू नका.

सीडिंग बरोबर असूनही पैसे परत गेले, तर दोन गोष्टी बघा. केवायसी रखडल्यामुळे खातं गोठलेलं असू शकतं. किंवा ते पूर्ण कागदपत्रांशिवाय उघडलेलं लहान खातं असू शकतं. त्यात सरकारी लाभाची जमा सोडून शिल्लक ५०,००० च्या वर जाऊ शकत नाही आणि महिन्याला १०,००० पेक्षा जास्त काढता येत नाहीत. अशा खात्याची मुदतही मर्यादित असते. आधार आणि पॅन देऊन ते नेहमीचं खातं करून घ्या.

नावाचंही पाहा. आधारवर माहेरचं आडनाव आणि बँकेत सासरचं, हा घोळ घरोघरी असतो. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून विवाह नोंदणी दाखला घेऊन एकदाच नीट करा, आणि तसंच्या तसं नाव बँक आणि रेशन कार्डावर आणा.

प्रश्न : मी कापड दुकानात कामाला आहे, पगार १२ हजार. मिस्टर पार्सल पोहोचवतात. पहिलं बाळंतपण, चौथा महिना चालू आहे. आम्हाला सरकारकडून काय मिळू शकतं? मुलगी झाली तर लेक लाडकीचे एक लाख मिळतील का? (नाशिक)

सगळ्यात आधी पगाराची चिठ्ठी काढा आणि त्यात ईएसआयसीची (कर्मचारी राज्य विमा महामंडळाची) कपात आहे का ते बघा. कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के जातात, म्हणजे १२ हजारांवर ९० रुपये. कपात होत असेल तर तुम्ही विमाधारक आहात, आणि बाळंतपणात २६ आठवडे सरासरी रोजाइतकी पूर्ण रक्कम ईएसआयसी देते. तुमच्या पगारावर ती ७२ हजारांच्या घरात जाते. अट अशी की मागच्या सलग दोन वर्गणी कालावधींत मिळून किमान ७० दिवसांची वर्गणी भरलेली हवी. हे कालावधी एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे असतात. हा लाभ बाळंतपणाच्या आठ आठवडे आधीपासून घेता येतो.

पाच हजारांच्या योजनेसाठी खेपा घालणाऱ्या कितीतरी बायकांना आपण या ७२ हजारांना पात्र आहोत हेच ठाऊक नसतं, आणि आम्हाला याचं फार वाईट वाटतं. दहा किंवा जास्त कामगार असलेलं दुकान आणि २१ हजारांपर्यंत पगार असेल तर कायदा लागू होतो. चिठ्ठी मिळत नसेल तर मालकाकडे विमा क्रमांक मागा. कपात होते पण क्रमांक सांगत नाहीत, असं असेल तर ईएसआयसीच्या शाखा कार्यालयात आधार घेऊन जा. नोंद असेल तर तिथे सापडते.

ईएसआयसी नसेल तर प्रधानमंत्री मातृवंदना योजना. पहिल्या बाळाला ५,००० रुपये, दोन हप्त्यांत: ३,००० आणि २,०००. दुसरं अपत्य मुलगी असेल तर ६,००० एकरकमी. पहिल्या हप्त्यासाठी गरोदरपणाची नोंदणी आणि शेवटच्या पाळीपासून सहा महिन्यांच्या आत किमान एक तपासणी झालेली हवी. तुमचा चौथा महिना आहे, तेव्हा खाजगी डॉक्टरकडे जात असलात तरी या आठवड्यात अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे नोंद करून माता-बाल संरक्षण कार्ड घ्या. पात्रतेसाठी ई-श्रम कार्ड (असंघटित कामगार म्हणून नोंदीचं), अन्नसुरक्षेचं रेशन कार्ड किंवा आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला यांपैकी एक पुरतं.

कार्डावर शेवटच्या पाळीची तारीख लिहिताना तिथे बसून नीट आठवा. सोनोग्राफीच्या चिठ्ठीवर एक तारीख आणि अर्जात दुसरी असली की अर्ज लटकतो, आणि पहिल्या बाळासाठी अर्जाची ५७० दिवसांची मुदतही त्याच तारखेपासून मोजतात. दुसरा हप्ता बाळाची जन्मनोंद आणि साडेतीन महिन्यांपर्यंतची लसीकरणाची पहिली फेरी झाल्यावर येतो. लस खाजगी दवाखान्यात दिली तर ती याच कार्डावर तारखेसह चढवून घ्या, नाहीतर नोंदीत फेरी अपुरी दिसते. जन्मनोंद २१ दिवसांच्या आत मोफत होते. त्यात आईचं नाव आधारवर आहे तसंच लिहा. बाळाचं नाव ठरलं नसेल तर ते नंतर घालता येतं.

लेक लाडकीबद्दल मात्र उत्तर नाही असं आहे. ती योजना पिवळ्या आणि केशरी रेशन कार्डाच्या, वर्षाला १ लाखाच्या आत उत्पन्न असलेल्या घरांसाठी आहे. तुमचा एकटीचा पगारच १,४४,००० होतो. कमी उत्पन्नाचा दाखला काढून देणारे भेटतील, पण पगार बँकेत येत असताना तो दाखला टिकत नाही आणि वसुली निघते. जी घरं बसतात त्यांच्यासाठी: १ एप्रिल २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलीला जन्मानंतर ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि १८ वर्षांनंतर ७५,०००, मिळून १,०१,०००. अर्ज अंगणवाडी सेविकेकडे.

प्रश्न : माझा भाऊ सेंट्रिंगचं काम करायचा. परांचीवरून पडून वारला, वय ४०. मंडळाकडे नोंदणी चालू होती. ठेकेदार ५० हजार देतो म्हणतो, पण कागदावर सही मागतो. वहिनी आणि दोन लहान मुलं आहेत. (सोलापूर)

त्या कागदावर सही करू नका. बहुधा त्यात "आमची काही तक्रार नाही" किंवा "मृत्यू आजाराने झाला" असं लिहिलेलं असतं, आणि त्या एका ओळीने पुढचं सगळं बदलतं. नोंदित कामगाराचा कामावर मृत्यू झाला तर मंडळ वारसाला ५ लाख देतं. नैसर्गिक मृत्यू असेल तर २ लाख.

ठेकेदाराची जबाबदारी याहून वेगळी आहे. कामावर झालेल्या अपघाती मृत्यूची भरपाई अशी मोजतात: महिन्याच्या वेतनाचा निम्मा भाग गुणिले वयाचा गुणक. ४० वर्षांना गुणक १८४.१७ आहे. वेतन १५,००० धरलं तर ७,५०० गुणिले १८४.१७, म्हणजे १३,८१,२७५ रुपये. ही रक्कम ठेकेदाराने भरपाई आयुक्तांकडे भरायची असते. घरच्यांच्या हातात परस्पर दिलेले पैसे कायद्यात भरपाई म्हणून धरले जात नाहीत. अपवाद फक्त तीन महिन्यांच्या वेतनापर्यंतच्या आगाऊ रकमेचा. ५० हजार आणि पावणेचौदा लाख यांतला फरक वहिनींना आजच सांगा.

कागद लगेच गोळा करा, कारण साइट पुढे सरकते आणि साक्षीदार गावी निघून जातात. पोलिसांतली नोंद, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, मृत्यू दाखला, सोबत काम करणाऱ्या दोघा-तिघांची नावं आणि फोन नंबर, मजुरी दिल्याच्या नोंदी. पंचनाम्यात साइटचा पत्ता आणि "काम करत असताना" हे शब्द आहेत का, ते वाचून घ्या. भरपाईचा दावा भरपाई आयुक्तांकडे दाखल होतो; वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

मंडळाकडून वहिनींना आणखी एक मदत आहे: वर्षाला २४,००० रुपये, पाच वर्षं. ती दरवर्षी मागावी लागते. भावाच्या पासबुकात मे-जूनच्या आसपास २० किंवा ४३६ रुपये कापल्याची नोंद शोधा. २० रुपयांचा सुरक्षा विमा अपघाती मृत्यूला २ लाख देतो, ४३६ चा जीवनज्योती कोणत्याही कारणाच्या मृत्यूला २ लाख. दोन्ही कापले असतील तर दोन्ही मिळतात. बँक स्वतःहून कळवेल याची वाट पाहू नका.

घर दारिद्र्यरेषेच्या यादीत असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभाचे २०,००० तहसीलमध्ये मागता येतात. मुलांसाठी बालसंगोपन योजना बघा: दरमहा २,२५० रुपये प्रत्येक मुलामागे, वय १८ पर्यंत, मुलं आईजवळ राहत असतानाही. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे आणि आदेश बालकल्याण समितीचा. संजय गांधी निराधार योजनेत विधवेला दरमहा १,५०० मिळतात, पण उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,००० आहे, आणि लाडकी बहीणचे १,५०० त्याबरोबर घेता येत नाहीत. दोन्हींतलं एक ठरवूनच अर्ज करा, नाहीतर पुढे दोन्ही थांबतात.

प्रश्न : उत्पन्नाचा दाखला महिना झाला तरी मिळत नाही. तहसीलमध्ये "उद्या या" म्हणतात. (जालना)

आपले सरकार केंद्रातून अर्ज केला असेल तर पावतीवर तारीख असते. लोकसेवा हक्क कायदा २०१५ प्रमाणे हा दाखला १५ दिवसांत मिळायला हवा. मुदत उलटल्यापासून ३० दिवसांत त्याच संकेतस्थळावर पहिलं अपील करा. पावतीचा क्रमांक लागतो. कारण नसताना उशीर केला तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. अर्ज हाताने दिला असेल आणि पोच घेतली नसेल तर अपील करता येणार नाही. आज नवा अर्ज करून पोच घ्या.

प्रश्न : ई-श्रम कार्डावर दर महिन्याला पैसे येतात का? (ठाणे)

नाही. ती असंघटित कामगार म्हणून नोंद आहे. वर मातृवंदनेत सांगितल्याप्रमाणे पुरावा म्हणून ती उपयोगी पडते. पेन्शन हवं असेल तर श्रमयोगी मानधन योजना वेगळी घ्यावी लागते: वय १८ ते ४०, महिन्याचं उत्पन्न १५ हजारांपर्यंत, वयाप्रमाणे दरमहा ५५ ते २०० रुपये भरायचे आणि साठीनंतर दरमहा ३,००० मिळतात. पीएफ किंवा ईएसआयसी असलेल्यांना ती घेता येत नाही.